टोपलीत उरलेलं

विलेपार्ल्याच्या घरमालकिणीची अट: घरात मासळी शिजणार नाही, अंडंही नाही, आणि बाहेरून काही खाऊन आलात तर दाराजवळच्या नळावर हात धुऊन मगच आत यायचं.

*

पेडवा हा मासा बोटाएवढा असतो. डोकं नखानं ओढलं की आतडं त्याच्यामागून येतं. सुरी लागत नाही.

*

दादरच्या एका हॉटेलात ‘फॅमिली रूम’च्या पडद्याला कमरेइतक्या उंचीवर हळदीचा पट्टा पडला होता. वर्षानुवर्षं लोक त्याला हात पुसत होते.

*

मालवणजवळच्या सर्जेकोटात मासळी विकणाऱ्या घरांचा रिवाज असा की चांगलं ते गिऱ्हाइकाचं. बाजारातून टोपली परत येते तेव्हा तळाशी जे असेल ते घराचं. पाहुणा येणार असला तर त्याची मासळी सकाळीच वेगळी काढायची. टोपलीत उरलेलं त्याच्या ताटात जाता कामा नये.

*

बंगाली घरात पाहुण्याला माशाचं डोकं देतात.

*

‘मासे विकणाऱ्या घरात मी जन्मले, पण सुरमईची चव मला पहिल्यांदा मुंबईनं दिली.’ एका वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी, पान तिसरं.

*

मासळी बाजारात बसायला कोणी प्लॅस्टिकची खुर्ची आणत नाही.

*

तर झालं असं.

२००७च्या फेब्रुवारीत वर्षाली आंगणेवाडीच्या जत्रेला म्हणून घरी आली. मसुऱ्याच्या वाटेनं चालली, रांगेत उभी राहिली, देवीची ओटी भरली आणि पाय सुजवून सर्जेकोटात परतली. जत्रेचं जेवण शाकाहारी, त्यामुळे तिची जीभ मासळीसाठी वखवखली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं मांडली. भाऊ नितेश होडीवरून नुकताच आला होता, त्याची बायको किशोरी वाढत होती आणि आई शेवंती चुलीजवळ बसली होती. नितेशच्या ताटात तिरफळ घातलेलं पेडव्यांचं तिखलं पडलं. किशोरीच्या ताटात तेच. शेवंतीनं स्वतःसाठी तेच काढून ठेवलं. वर्षालीच्या ताटात मात्र सुरमईची तळलेली तुकडी आली, बोटभर जाड, ताटाच्या काठाबाहेर डोकावणारी.

वर्षालीनं पेडव्यांच्या तव्याकडे हात केला. शेवंतीनं तव्यावर झाकण ठेवलं.

“अजून एक तुकडी घ्या ना,” ती म्हणाली. “संकोच करू नका.”

वर्षालीचा घास हातातच राहिला. शेवंती बँकेत किंवा तहसीलदार कचेरीत गेली की जी मराठी बोलायची, ती ही मराठी. घरात ती कोणी कधी ऐकली नव्हती. पोटच्या पोरीला ‘घ्या’ म्हणणारी आई आणि ताटात सुरमई, दोन्ही एकदमच आलं.

नितेशला मजा वाटली. “तू ऱ्हव गो वरीसभर,” तो बहिणीला म्हणाला. “तुझ्यामुळे आमका सुरमयचो वास तरी गावता.”

वर्षालीनं तुकडी उचलून त्याच्या ताटात टाकली आणि नुसत्या भातावर सोलकढी ओतून जेवली. रात्रीही तसंच झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरमई आली, पुन्हा ती नितेशच्या ताटात गेली. आई वाढायची थांबेना, लेक खायला तयार होईना. फायदा एकट्या नितेशचा झाला, आणि तो हे भांडण मिटवायच्या फंदात पडला नाही.

*

ही वर्षाली काही साधी खाणारी राहिली नव्हती.

मुंबईत ती फोर्टातल्या एका विमा कंपनीत लागली आणि पार्ल्यात तिला खोली मिळाली. मालकिणीची अट तिनं निमूट ऐकली, पण त्याच संध्याकाळी मनाशी ठरवून टाकलं की ह्या बाईच्या घरात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. शिजवायचं तर मनासारखं, नाहीतर शिजवायचंच नाही. शहरानं तिला चूल दिली नाही, म्हणून तिनं शहरच खायला घेतलं.

सुरुवात दादरच्या एका ‘मालवणी’ हॉटेलातून झाली. एकटी बाई बघून वेटरनं पडद्याकडे बोट दाखवलं.

“एकट्याच?”

“पोट एकच आहे,” वर्षाली म्हणाली. “आणि मला पंख्याखाली बसायचंय.”

ती पडद्याबाहेर बसली. आजूबाजूचे पुरुष ताटावरून नजर उचलून बघत राहिले, तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. रस्सा आला तो लालभडक, वर बोटभर तेल. बांगड्याचा रस्सा, कोंबडीचा रस्सा, कोलंबीचा रस्सा, सगळे एकाच पातेल्यातून निघाले होते. तिनं मालकाला बोलावून विचारलं की तिरफळ कुठे आहे. मालक म्हणाला, बाई, ते कोणाला आवडत नाही. ती म्हणाली, तुम्ही कोणाला घालून दिलं होतंत? पुढच्या खेपेला मालकानं तिच्यापुरत्या वाटीत दोन तिरफळं ठेचून घातली, आणि वेटर तिला ‘तिरफळबाई’ म्हणू लागले. तिला ते आवडलं.

मग तिला नाद लागला. दुपारची गर्दी ओसरली की हॉटेलांचे वेटर स्वतः जेवायला बसतात. त्यांच्या ताटात काय आहे ते बघायचं आणि तेच मागायचं, ही तिची पहिली युक्ती. माटुंग्याच्या उडप्याकडे ती त्या वेळेला गेली तेव्हा तिला मेनूवर नसलेलं सांबार मिळालं, भोपळ्याचं, पातळ, जिभेला चटका देणारं. उल्हासनगरला सिंध्यांच्या रांगेत उभी राहून तिनं कमळाचे देठ खाल्ले. वसईला एका म्हाताऱ्या ईस्ट इंडियन बाईनं तिला वर्षभराचा मसाला बाटलीत ठासताना बघू दिलं, पण त्यात काय काय पडतं ते सांगितलं नाही; वर्षालीनं वासावरून बरंचसं ओळखलं आणि उरलेल्यासाठी पुन्हा तीनदा वसईला गेली. मोहम्मद अली रोडवर सकाळी सकाळी नळीतला मगज चोखताना समोरच्या चाचांनी तिला विचारलं होतं, बेटी, घरवालोंको मालूम है? तिनं सांगितलं, उनके लिए भी पार्सल ले जाऊँगी. घरवाले कोणी नव्हते. पार्सल तिनं दुपारी कचेरीत खाल्लं.

तेल आज किती वेळा तापलंय, खोबरं सकाळी वाटलंय की काल, आंबटपणा कोकमाचा की बाटलीतल्या व्हिनेगरचा, हे तिला एका घासात कळू लागलं. कचेरीतले लोक साहेबांना जेवायला न्यायचं असलं की तिला विचारायचे. पार्ल्याच्या नळावर हात धुताना ती मुद्दाम वेळ लावायची. कोणत्या गल्लीतून काय खाऊन आली ते मालकिणीला वासावरून कळावं, अशी तिची इच्छा असायची.

पण ह्या सगळ्यात तिनं घरच्या मासळीचं नाव कधी काढलं नाही. कोणी विचारलं, तुम्ही मालवणकडच्या, मग घरी काय मजाच असेल, की ती हसून विषय बदलायची. पेडवे, तारल्या, मोरी माशाचे तुकडे, काटेच काटे असलेली कर्ली: गिऱ्हाइकानं नाकारलेलं आपण खात होतो, हे तिला सांगवत नसे.

ते बदललं सुतपामुळे. सुतपा तिच्याच कचेरीत होती, राहायला ठाण्याला. तिनं एकदा जेवायला बोलावलं. सासूनं हिलसा केला होता. वर्षालीच्या ताटात माशाचं डोकं आणि पाठीकडचा सगळ्यात काटेरी भाग आला, आणि सासूबाई समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. वर्षालीला वाटलं आपली थट्टा चाललीय. सुतपानं सांगितलं की हा मान आहे. ज्याला काटे काढता येतात त्यालाच हा भाग देतात. वर्षालीनं घास तोंडात टाकला, जिभेनं काटे एका बाजूला लावले आणि ओठांच्या कोपऱ्यातून एकेक करून काढून ताटाच्या कडेला ओळीनं मांडले. सुतपाचा नवरा अजून पहिल्याच घासाशी झटत होता. सासूबाई काहीतरी बंगालीत म्हणाल्या. सुतपानं भाषांतर केलं: ही कोणत्या चांगल्या घरची?

त्या रात्री घरी जाताना वर्षालीला स्वतःचा इतका राग आला की दादरला गाडी बदलायची तीच विसरली.

पुढे एका वर्तमानपत्रानं तिला पुरवणीत खाण्याबद्दल लिहायला सांगितलं. तिनं पहिला लेख पेडव्यांवर लिहिला. सुरुवात म्हणून सुरमईचं ते वाक्य टाकलं, कारण वाक्य चांगलं उतरलं होतं. खाली सगळा लेख पेडव्यांच्या तिखल्याचा होता, शेवंतीच्या हाताचा, मातीच्या तव्याचा, आणि मुंबईतल्या एकाही महागड्या ताटाला त्याची सर नाही, असं ठणकावून सांगणारा.

*

“तुमचो पेपर आयेक लागलो,” किशोरीनं वर्षालीला विहिरीवर सांगितलं.

झालं होतं असं की शाळेतल्या एका निवृत्त मास्तरांना ती पुरवणी मिळाली आणि ते कौतुकानं ती घेऊन मासळी बाजारात आले. बायकांच्या रांगेसमोर उभं राहून त्यांनी वाचायला सुरुवात केली. सुरमईच्या वाक्याशी पोचले आणि रांग हसायला लागली. सुरमईचा ढीग पुढ्यात घेऊन बसणाऱ्या शेवंतीच्या पोरीला सुरमई मुंबईनं दिली. मास्तर गोंधळले, कागद घडी करून निघून गेले. पेडव्यांपर्यंत कोणी पोचलंच नाही. त्या दिवसापासून कोणी गिऱ्हाईक सुरमईची किंमत पाडायला लागलं की रांगेतून आवाज यायचा: शेवंती, पोरीक ठेव थोडी.

शेवंतीनं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. लेक येणार म्हणून कळलं तेव्हा मात्र नितेशला सांगितलं की ती असेपर्यंत रोज एक सुरमई वेगळी काढायची, मोठ्यातली मोठी. आणि ती बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, घरी न्यायची.

म्हणजे सुरमई वर्षालीसाठी नव्हतीच. ती रांगेसाठी होती. आणि रांगेला उत्तर देता देता शेवंतीनं पोरीला पाहुणी करून टाकली होती. वर्षालीला माफी मागायची नव्हती. लेखातलं तिचं म्हणणं खरं होतं, असं तिला वाटत होतं. तिला घरच्या तव्यातलं हवं होतं. ते मिळाल्याशिवाय मुंबईला परत जायचं म्हणजे कायमचं गिऱ्हाईक होऊन जायचं.

*

सकाळी ती आईबरोबर मालवणच्या बाजारात गेली. शेवंती नको म्हणाली नाही. पोचल्यावर मात्र समोरच्या चहावाल्याकडून एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली, पुसली, आणि रांगेच्या पलीकडे, गिऱ्हाइकं उभी राहतात त्या बाजूला ठेवली.

“बसा,” म्हणाली.

पाटावर बसलेल्या बायका बघत होत्या. शेजारची यमुनाबाई कोयती धुता धुता म्हणाली, “मुंबयत खुर्चेर बसानच मासळी घेतंत काय गो?”

“नाय यमुनाकाकी,” वर्षाली म्हणाली. “मुंबयत उभ्यानच खातंत.”

रांग हसली. शेवंती हसली नाही. तिच्या टोपलीत बांगडे होते, थोडी कोलंबी होती, एका कोपऱ्यात पेडव्यांचा वाटा होता, आणि मागच्या बाजूला ओल्या गोणपाटाखाली ती सुरमई. शेपटी तेवढी बाहेर दिसत होती, दिसावी अशीच ठेवलेली.

बांगडे झपाट्यानं गेले. पेडव्यांकडे कोणी पाहिलं नाही. बर्फ संपला म्हणून शेवंती उठून गाडीकडे गेली, आणि नेमकं तेव्हा कोल्हापूरकडचं एक जोडपं रांगेतून फिरत आलं. नवऱ्यानं विचारलं, सुरमई आहे का चांगली?

रांगेतल्या बाकीच्यांकडची सुरमई तोवर हॉटेलवाल्यांनी उचलली होती. यमुनाबाई नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात वर्षाली खुर्चीवरून उठली, टोपली ओलांडून आईच्या पाटावर जाऊन बसली आणि गोणपाट बाजूला केलं.

“आहे,” ती म्हणाली.

यमुनाबाईनं हात थांबवला. सगळी रांग थांबली. वर्षालीनं माशाचा कल्ला वर करून लाल रंग दाखवला, पोटावर बोट दाबून दाखवलं, आणि किंमत सांगितली ती पक्की. कोल्हापूरकर घासाघीस करायला लागला तेव्हा तिनं गोणपाट पुन्हा ओढायला घेतलं, मग तो कबूल झाला. तिनं मासा कापला. सुरुवातीच्या दोन तुकड्या वाकड्या पडल्या, पुढच्या सरळ आल्या. हात काही विसरला नव्हता. बाईला तिनं बजावलं की मसाल्यात बुडवू नका, मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ, एवढंच. जोडपं पिशवी घेऊन गेलं.

शेवंती बर्फ घेऊन आली. आधी तिला रिकामी खुर्ची दिसली, मग आपल्या पाटावरची लेक, मग सपाट झालेलं गोणपाट.

“कोणाक दिलंस?”

‘दिलंस’ वर्षालीनं ऐकलं. बँकेची मराठी गेली होती.

“गिऱ्हायकाक.”

“ती तुझी हुती.”

“माझी नाय. पावणीची हुती. आये, मी पावणी न्हंय.”

शेवंतीनं बर्फ खाली आदळला. मग ती बोलली ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलली, कारण एवढे महिने तिनं जे ऐकून घेतलं होतं तेही सगळ्या रांगेनंच ऐकवलं होतं.

“पेपरात लिवलंस तेव्हा नाय सुचला ह्या? आख्ख्या बाजारान ऐकला. शेवंतीन पोरीक घातल्यान नाय म्हणान. आता मी घालतंय तर ती इकतंस? टोपलेत जा उरता ता आमी खातोंव. कोणाक नको म्हणान खातोंव. तुका मी उरलेला घालूचंय नाय. तू माझा उरलेला न्हंय.”

वर्षाली पाटावरून उठली नाही. हाताला सुरमईचे खवले चिकटले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

“कोणाक नको म्हणान नाय, आये. बरा लागता म्हणान. माका म्हायत आसा. मी सगळी मुंबय खावन इलंय, काय एक ठेवलंय नाय. ह्या पेडव्यासारखा खंय गावला नाय. लिवलंय ता ह्याच लिवलंय, मास्तरान खाली वाचल्यान नाय. आता तू माका हेच घालतलंस, नायतर मी तुझ्या घरात जेवतलंय नाय. पाणी पितलंय फकत.”

यमुनाबाईनं कोयती खाली ठेवली.

“सगळी मुंबय खालंस,” शेवंती म्हणाली, “आणि पोट भरला नाय?”

“नाय.”

“काय खालंस आणि काय नाय, ता माका सांगा नको.” एवढं बोलून शेवंतीनं बर्फ फोडायला घेतला. बराच वेळ ती बर्फच फोडत होती.

खुर्ची चहावाला येऊन घेऊन गेला.

*

निघताना टोपली कोणी घ्यायची यावरून एसटीच्या थांब्यापर्यंत दोघींची ओढाताण झाली. वर्षालीनं ती जिंकली आणि मग वाटभर मानेची कळ लपवत चालली. टोपलीत पेडव्यांशिवाय काही नव्हतं.

घरी तिनं मागीलदारी बसून पेडवे साफ करायला घेतले. डोकं, नख, आतडं. मांजरं जमली. शेवंती दारात उभी राहून बघत होती आणि तिला एकही गोष्ट पसंत पडत नव्हती. पाणी जास्त वापरतंस, म्हणाली. पोट फाडतंस कित्याक, म्हणाली. मुंबईत कसं करतात ते इथे नको, म्हणाली, आणि मुंबईत पेडवे कोणीच करत नाही हे वर्षालीनं सांगितल्यावर, मग तिथे काय डोंबल खातात, असंही विचारलं. शेवटी तिनं लेकीला बाजूला सारून तवा स्वतः चुलीवर ठेवला. तिरफळं ठेचली, मिरची वाटली, आगळ घातलं. किशोरी पानं मांडत होती ती थांबून बघायला लागली.

नितेश जेवायला आला आणि सवयीनं बहिणीच्या ताटाकडे वाकला. तिथे तिखलं होतं. त्याच्या ताटातलं तेच, सगळ्यांच्या ताटातलं तेच.

“सुरमय खंय?” त्यानं विचारलं.

किशोरीनं त्याच्या भातावर तिखलं वाढलं.

वर्षाली जेवली. पेडव्याचे काटे बारीक, चावून गिळायचे असतात, बाजूला काढायचे नसतात. तरी तिनं, सुतपाकडे मांडले होते तसा, एक काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. शेवंतीनं तो पाहिला. मग शेवंतीनं तव्यात भात टाकून बुडाशी चिकटलेला रस पुसून घेतला; तो भाग घरात कधीच वाटला जात नाही, तो तिचा एकटीचा असतो. आणि त्यातला अर्धा भात लेकीच्या ताटात लोटला.

“परवा जातलंस?” तिनं विचारलं.

“हो.”

“मगे उद्या टोपली तू घी. गिऱ्हायकाक लय बोलतंस. मासो इकूक तोंड नाय लागना, हात लागता. आणि आता उठ, तवो घास. भायर चिंचेन घास, वास जाता.”

वर्षाली बोटं चाटत उठली. तवा घेऊन मागीलदारी गेली आणि चिंच शोधायला लागली. ती कुठे ठेवतात ते तिला आठवत नव्हतं, पण विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बऱ्याच वेळानं सापडली.

*

१९९८च्या ऑक्टोबरात वर्षाली पहिल्यांदा मुंबईला निघाली तेव्हा शेवंतीनं तिच्या डब्यात भात आणि तळलेल्या सुरमईच्या दोन तुकड्या दिल्या होत्या. त्या तिनं कणकवलीहून गाडी सुटल्यावर, वैभववाडी यायच्या आत खाल्ल्या.